श्रीलंकेच्या चहामळ्यांत सहा जणांची माउंटन बाइक सहल: किलोमीटर नंतर, आधी उतार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातले सहा मित्रमैत्रिणी, वय पस्तीस ते पंचेचाळीस. दोघं नियमित माउंटन बाइक (एमटीबी) चालवणारे, तिघांकडे हायब्रिड किंवा रोड बाइक, आणि सहाव्या मैत्रिणीने सायकल अलीकडेच घेतलीय. ऑगस्टमधली जोडसुट्टी धरून आठ दिवस श्रीलंका. बेत कँडीहून नुवारा एलियामार्गे एल्लाचा, रोज साठेक किलोमीटर, सामान पाठीवर. सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात, आणि नवख्या मैत्रिणीला ई-बाइक दिली तर काम भागेल का, हेही विचारलंय.

साठ किलोमीटर डांबरी रस्त्यावर होतील. पण डांबरी रस्त्यानेच जायचं असेल तर माउंटन बाइकची गरज नाही, आणि कँडी-नुवारा एलिया रस्त्यावर खाजगी बसवाल्यांच्या हॉर्नबरोबर चढण्यात मजाही फारशी नाही. श्रीलंकेत माउंटन बाइकचं खरं सुख चहामळ्यांच्या आतल्या कच्च्या रस्त्यांवर आहे. तिथे पंचवीस-तीस किलोमीटर म्हणजे भरगच्च दिवस. फोटो, चहा, एखादं पंक्चर आणि वाट चुकणं धरलं तर पंचवीससुद्धा पुष्कळ.

तरीही अंतर हा तुमचा खरा प्रश्न नाही, असं मला वाटतं. मी सह्याद्रीत आणि श्रीलंकेच्या डोंगराळ भागात छोटे गट घेऊन जाते. अशा मिश्र गटांचं गणित नेहमी चढावर मांडलं जातं: कोण दमेल, कोण मागे राहील, रोज किती मीटर चढायचं. चढावर खरं तर काही बिघडत नाही. मागचा मागे राहतो, पुढचे थांबतात, केळं खातात, अर्धा तास जातो. सायकल ढकलत नेली तरी कुणाचं हाड मोडत नाही. गट फुटतो तो उतारावर. दोघं सराईत पहिल्या वळणातच दिसेनासे होतात, मधले तिघं त्यांच्या मागे लागतात, आणि नवखी व्यक्ती दोन्ही ब्रेक आवळून, अंग ताठ करून, पाच किलोमीटर जीव मुठीत धरून उतरते. शिवाय चढावर दमलेला माणूस ‘थांबा रे’ म्हणतो, पण उतारावर घाबरलेला माणूस मित्रांसमोर गप्प राहतो. मॅरेथॉन धावणारी, दमसास उत्तम असलेली माणसं चढावर सगळ्यांच्या पुढे आणि उतारावर सगळ्यांत घाबरलेली, हे चित्र मी वारंवार पाहते. त्यामुळे माझी पद्धत अशी: गटातला सगळ्यांत कच्चा माणूस कोणता उतार शांतपणे उतरू शकतो ते आधी ठरवायचं, आणि बाकीचा बेत त्याभोवती बांधायचा.

श्रीलंकेत हे जास्तच लागू पडतं, कारण तिथले उतार लांब आहेत. पुण्यात आपण वेताळ टेकडीवर चालवतो, तिथे घाबरायला वेळ मिळायच्या आत उतार संपतो. याउलट ओहिया रेल्वे स्टेशनच सुमारे 1,774 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा शंभरावर मीटर उंच. तिथून मळ्यांतून खाली सुटलात की उतार संपता संपत नाही. मळ्यातले हे रस्ते पानांची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टर-लॉऱ्यांसाठी केलेले. कुठे दगड बसवलेले, कुठे ते उखडून सुटे झालेले, कुठे मध्येच शंभर मीटर काँक्रीट. पावसाचं पाणी बाजूला काढण्यासाठी रस्त्याला आडवे चर असतात, ते सावलीत दिसत नाहीत. पुढचं चाक चरात तिरकं गेलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. ओल्या, शेवाळलेल्या काँक्रीटवर तर दगडांपेक्षा वाईट घसरतं. नवख्यांना काँक्रीट दिसलं की हायसं वाटतं आणि नेमके तिथेच ते वेग वाढवतात.

आता ऑगस्टबद्दल. इथे तुमचा बेत मला मुळापासून बदलावासा वाटतो. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस मिळतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस डोंगराच्या पश्चिम अंगावर पडतो, म्हणजे हॅटन, नुवारा एलिया आणि काही प्रमाणात कँडीकडचा भाग. त्याच काळात डोंगराची पूर्वेकडची बाजू, म्हणजे हापुतले, बंडारवेला, एल्ला, बदुल्ला हा ऊवा प्रांत, बराचसा कोरडा असतो. आपल्याकडे महाबळेश्वर धो-धो आणि फलटण कोरडं, तसलाच पर्जन्यछायेचा प्रकार. ऊवाच्या चहाचा उत्तम मोसम जुलै ते सप्टेंबर मानतात तो याच कोरड्या वाऱ्यामुळे. पट्टिपोला आणि ओहिया या स्टेशनांच्या मधल्या बोगद्यात गाडी शिरताना धुकं आणि बाहेर पडताना ऊन, हा अनुभव तिथले लोक कौतुकाने सांगतात, आणि तो पुष्कळदा येतोही.

शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये कँडीत एसला पेराहेरा हा मिरवणुकीचा बौद्ध उत्सव असतो. तारखा चांद्र पंचांगानुसार दरवर्षी सरकतात. तुमचे दिवस त्यात पडले तर कँडीत खोल्या महाग, रस्ते बंद, व्हॅन हलत नाही. मिरवणूक बघण्यासारखी आहे यात शंका नाही. ती बघायची तर ती सहल वेगळी करा, सायकली घरी ठेवा.

म्हणून ऑगस्टसाठी माझा सल्ला: कँडी आणि नुवारा एलिया दोन्ही गाळा, हापुतले किंवा बंडारवेला इथे एकाच ठिकाणी मुक्काम टाका आणि रोज सकाळी तिथून निघून संध्याकाळी तिथेच परत या. हेच तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा पश्चिमेचे मळेही कोरडे असतात, कँडीच्या पूर्वेच्या नकल्स डोंगररांगेत कॉर्बेट्स गॅपवरून मीमुरे गावात उतरणारा रस्ता जमतो, आणि इथून तिथे मुक्काम हलवत जाण्यात अर्थ असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र टाळाच. त्या दोन महिन्यांत संपूर्ण डोंगराळ भागात मुसळधार पाऊस आणि दरडी असतात, वादळंही येतात. आणि महिना कोणताही असो, निघण्याच्या आठवडाभर आधी तिथल्या माणसाला फोन करून कुठला रस्ता खचलाय ते विचारा. नकाशात रस्ता असणं आणि डोंगरावर रस्ता असणं यात फरक पडू शकतो.

एका ठिकाणी मुक्काम म्हटलं की सामान पाठीवर घ्यायचा प्रश्नच राहत नाही, आणि मिश्र गटाला याचा मोठा फायदा आहे. आठ-दहा किलोची सॅक पाठीवर असेल तर उतारावर तोल पुढे-मागे हलवता येत नाही आणि ब्रेकांवरही तेवढाच भार वाढतो. शिवाय एखाद्याला एक दिवस नकोसं वाटलं, गुडघा दुखला, तर तो माणूस खोलीवर राहू शकतो. मुक्काम रोज हलत असेल तर ती मोकळीक नसते, आणि मोकळीक नसली की माणसं दुखतं ते लपवतात.

दिवस कसे लावावेत ते सांगते. कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, उत्तरेला कटुनायकेत, नेगोंबोच्या शेजारी आहे. मुंबईहून थेट विमान अडीच तासांच्या आसपास. पहिली रात्र नेगोंबोत झोपा, दुसऱ्या दिवशी मोठी व्हॅन करून हापुतले गाठा. तो दिवस प्रवासातच जातो, त्यात सायकल बसवू नका. शेवटचा दिवसही तसाच परतीचा. म्हणजे आठातले पाच दिवस हातात राहिले. तेवढे पुरतात.

या पाचांतला पहिला दिवस लिप्टन्स सीटचा, म्हणजे मळ्यांच्या वरच्या देखाव्याच्या जागेचा. हापुतले गावातून दंबतेन्नेच्या चहा कारखान्यापर्यंत सुमारे दहा किलोमीटर बऱ्यापैकी सपाट, वळणावळणाचा रस्ता. हा कारखाना 1890 मध्ये सर थॉमस लिप्टन यांनी उभारला. तिथून वर सुमारे सात किलोमीटर मळ्यातून चढ, जवळपास 1,970 मीटरपर्यंत. पहाटे निघा, कारण नऊ-दहाच्या सुमारास धुकं वर येतं आणि मग शिखरावर बसून ढग बघावे लागतात. हा दिवस मी मुद्दाम पहिला ठेवते. ज्या रस्त्याने चढलात त्याच रस्त्याने उतरायचं असल्यामुळे चर कुठे, खडी कुठे, वळण कुठे हे सगळ्यांनी चढताना हळू वेगात पाहिलेलं असतं. उतरताना मी सगळ्यांत मागे राहते आणि प्रत्येकाचं फक्त एवढंच बघते: खांदे कानाला लागलेत का, पेडल आडवी समपातळीत आहेत का, नजर चाकावर आहे की पुढच्या वळणावर. उरलेल्या दिवसांचा निर्णय या सात किलोमीटरांत होतो.

दुसऱ्या दिवशी हलकं काहीतरी. अदिशम बंगल्याकडून इदलगशिन्नेच्या दिशेने मळ्यांतून भटका, कड्यावर बसा, रेल्वे बघा. इथे वारा जोरात असतो. ऊवाचा कोरडा वारा जुलै-ऑगस्टमध्ये कड्याच्या खिंडींतून असा येतो की हलकी सायकल बाजूला सरकते. अशा जागी खाली उतरून ढकलत नेण्यात कमीपणा नाही, आणि हे सराईतांनी आधी करून दाखवलं तर बाकीच्यांना सोपं जातं.

तिसरा दिवस पायी. हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानात वर्ल्ड्स एंडच्या कड्यापर्यंत जाऊन येणारी नऊ-साडेनऊ किलोमीटरची फेरी चालत करायची असते. सायकलीला सुट्टी, बुडालाही सुट्टी. प्लास्टिकच्या पिशव्या-वेष्टनं प्रवेशद्वारावर काढून घेतात, तेव्हा खाऊ डब्यात न्या.

चौथा दिवस तुमच्या दोघा सराईतांसाठी, आणि इतरांपैकी ज्यांना जमेल त्यांच्यासाठी: ओहियाहून उदावेरिया मळ्यातून ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’ने बंबराकंदा धबधब्याकडे आणि पुढे कलुपहनाला. बंबराकंदा 263 मीटरचा, श्रीलंकेतला सर्वांत उंच धबधबा. हा रस्ता देखणा आहे आणि नावाला जागणारा आहे. वळणं इतकी आखूड की जीपसुद्धा मागे-पुढे करून वळवावी लागते, मध्ये सुट्या दगडांचे तीव्र उतार. व्हॅनने बोरलंदामार्गे ओहियाला सोडायचं आणि खाली कोलंबो-बदुल्ला हमरस्त्यावर उचलायचं. ज्यांचा पहिला दिवस डळमळीत गेला त्यांना इथे नेऊ नका. ‘हळूहळू ये’ म्हणून सोबत घेणं हा उपाय नाही, कारण मधून बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही आणि व्हॅन आत येऊ शकत नाही. त्यांनी त्या दिवशी हापुतलेहून बंडारवेलापर्यंत आतल्या रस्त्याने जावं, बाजार बघावा, संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवावं. मित्रांची सहल म्हणजे प्रत्येक दिवशी सहाही जणांनी एकाच रस्त्यावर असलं पाहिजे असं नाही.

पाचवा दिवस राखीव. पाऊस, दुखापत, आळस, काहीही. सगळं ठीक असेल तर एल्लाला जा, नऊ कमानींचा पूल बघा. एल्लामध्ये आता इतकी गर्दी असते की मी तिथे मुक्काम टाकत नाही. एल्लाहून रावणा धबधब्यावरून वेल्लवायाला उतरणारा घाट नकाशात फार मोहक दिसतो, पण तो ट्रक-बसचा हमरस्ता आहे. गेलात तरी वेल्लवायापुढे बुत्तलाकडे सायकलने जाऊ नका, विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेला. खालच्या त्या पट्ट्यात रानहत्ती रस्त्यावर येतात. वर हापुतलेच्या मळ्यांत ती भीती नाही.

सायकली न्यायच्या की घ्यायच्या? तुमच्या गटासाठी माझं उत्तर अनेकांना पटत नाही: सहाही जणांनी तिथेच, एकाच माणसाकडून भाड्याने घ्या. दोघा सराईतांनीसुद्धा. कारण खर्चाचं नाही. त्यांनी आपल्या फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना धक्काशोषक), ड्रॉपर पोस्टवाल्या (चालवताना सीट खाली-वर करता येणाऱ्या) सायकली आणल्या आणि बाकीचे भाड्याच्या हार्डटेलवर (फक्त पुढे धक्काशोषक असलेल्या सायकलवर) बसले, तर उतारावरचा जो फरक कमी करायचा आहे तोच दुप्पट होतो. एकसारख्या सायकली असल्या की सुटे भागही एकच लागतात: एकाच मापाच्या ट्यूब, एकाच प्रकारचे ब्रेक पॅड, एकच डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी पट्टी). बिघाड झाल्यावर मळ्यात उभं राहून ‘तुझे पॅड माझ्या कॅलिपरला बसत नाहीत’ ही चर्चा होत नाही.

पण भाड्याने घ्यायची तर नीट चौकशी करून. कोलंबो, कँडी आणि एल्लाकडे व्हॅनसकट सायकली देणारे आहेत. त्यांना ‘चांगल्या आहेत का’ असं विचारू नका. प्रत्येक सायकलच्या ब्रेकचे फोटो मागा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेत, केबलचे नकोत. पुढचा रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, 180 मिलिमीटरचा असेल तर उत्तम, कारण लांब उतारावर छोटे रोटर तापतात. पॅडवर किती थर उरलाय ते विचारा. टायर दोन इंचांहून रुंद असावेत आणि त्यांवरच्या गोट्या झिजलेल्या नसाव्यात. सहाही जणांची उंची कळवा आणि फ्रेमचं माप लेखी घ्या. मोठ्या मापाच्या सायकलवर बसलेली ठेंगणी व्यक्ती उतारावर मागे सरकूच शकत नाही. आणि पॅडच्या दोन-तीन जादा जोड्या त्याच्याकडे नसतील तर ब्रेकचा मॉडेल नंबर घेऊन इथून विकत न्या.

तुमचे दोघं ऐकणारच नसतील, आणि असे दोघं सहसा ऐकत नाहीत, तर सायकल पॅक करण्याबद्दल थोडं. पेडल काढा, हँडल फिरवा, मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून फ्रेमला बांधा, रोटर काढून पुठ्ठ्यात ठेवा, कॅलिपरमध्ये आणि फोर्कच्या टोकांत ठोकळे घाला. हवा कमी करा पण पूर्ण काढू नका, ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला तर तिथे हातपंपाने पुन्हा बसवणं म्हणजे संध्याकाळ गेली. टायरमध्ये हवा भरायच्या सीओटूच्या नळकांड्या विमान कंपनीला विचारल्याशिवाय नेऊ नका, पंप न्या. खोक्याचं माप आणि वजन तिकीट काढतानाच कळवा. महागडी सायकल असेल तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना ‘ही बाहेरून आणली का’ हा प्रश्न उद्भवत नाही.

भाड्याच्या असोत वा स्वतःच्या, पुढची तयारी पुण्यातच करायची आहे आणि तीच महत्त्वाची. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारा जीपचा रस्ता तुम्हाला माहीत असेल. सुटे दगड, चढउतार, मध्ये ओढे, म्हणजे श्रीलंकेतल्या मळ्याची जवळपास रंगीत तालीम. उन्हाळ्यात दोन-तीन रविवार सहाही जण तिथे जा. पावसाळ्यात तिथे गाड्यांची आणि माणसांची जत्रा असते, म्हणून मे महिन्यातच उरका. तिथे अंतर मोजू नका, फक्त उतार गिरवा. छोटा उतार निवडा, तोच पुन्हापुन्हा उतरा.

शिकवायचं ते फार नाही. सीट खाली, पेडल आडवी, टाचा खाली, कोपरं बाहेर, नितंब सीटपासून उचललेले. ब्रेकवर एकेकच बोट, बाकीची बोटं ग्रिपवर. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, ठामपणे दाबून वेग मोडायचा, मग सोडून वळायचं. सतत घासत उतरलं की पॅड आणि तेल तापतं, लिव्हर मऊ पडते, आणि हाताचे स्नायू आखडून नेमक्या गरजेच्या वेळी बोट दाबत नाही. नवख्यांना पुढच्या ब्रेकची भीती असते, म्हणून ते फक्त मागचा वापरतात. मग मागचं चाक घसरतं, भीती आणखी वाढते. पुढचा ब्रेक दाबताना अंग मागे आणि खाली नेलं तर तोल जात नाही, हे सांगून पटत नाही, राजमाचीच्या दगडांवर दहा वेळा करूनच पटतं. टायरमधली हवाही इथेच ठरवा. ट्यूब असेल तर तीस-पस्तीस पीएसआयच्या खाली जाऊ नका, दगडाची धार रिमवर आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर पंचविसाच्या आसपास. वजनाप्रमाणे थोडं इकडेतिकडे.

गटाचे नियमही इथेच लावून घ्या, तिथे जाऊन नियम लावले की भांडणं होतात. उतारावर सगळ्यांत पुढे एक सराईत आणि सगळ्यांत मागे दुसरा. दोघंही पुढे, असं कधीही नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं आणि मागचा माणूस दिसल्याशिवाय हलायचं नाही, कारण मळ्यात दर दोनशे मीटरवर फाटा असतो आणि सगळे फाटे सारखेच दिसतात. दोन सायकलींत एवढं अंतर की पुढची पडली तर मागच्याला थांबता यावं. आणि मागचा धापा टाकत पोचला की पुढच्यांनी लगेच निघायचं नाही. थांबण्याचा वेळ त्यालाही मिळाला पाहिजे. हा शेवटचा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो.

मळ्यांबद्दल थोडं. हे रस्ते सार्वजनिक वाटतात पण बरेचसे मळ्याच्या हद्दीतले असतात. फाटकावर थांबून विचारायचं. बहुतेक वेळा हसून सोडतात. अडवलंच तर मळ्याच्या कचेरीत ‘सिन्ना दोरै’, म्हणजे धाकटे साहेब, यांना भेटा. मळ्यांतली कामगार मंडळी बहुतांशी तमिळ, एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांचे वंशज. ‘वणक्कम’ म्हटलं की चेहरे खुलतात. पानं खुडणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, त्या कामावर आहेत आणि त्यांची मजुरी किलोवर मोजली जाते. वजनाच्या वेळी रस्त्यावर पोती आणि माणसं असतात, तिथे उतरून चालत जा. लाइनीत, म्हणजे कामगारांच्या चाळींच्या रांगेत, मुलं आणि कुत्री अचानक आडवी येतात. कुत्रा चावला तर रेबीजची लस त्याच दिवशी, ‘बघू’ म्हणायचं नाही.

मळ्यांत आग्या मोहोळ आणि गांधीलमाश्या असतात, कामगारांवरही त्यांचे हल्ले होतात. पोळं दिसलं तर आवाज न करता लांबून जा, खाली बसून फोटो काढू नका. कुणाला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायला लावा. ओलसर जागी जळवा असतात, मिठाची पुडी पुरते.

खाण्याची आबाळ होत नाही. शाकाहारी असाल तर तमिळ हॉटेलात डोसा, इडिअप्पम, वरण मिळतं. सायकलवर खायला केळी आणि कितुल नावाच्या माडाचा गूळ उत्तम. ऑगस्टची पौर्णिमा मध्ये येत असेल तर त्या पोया दिवशी सुट्टी असते, दारू कुठेही विकत नाहीत आणि लिप्टन्स सीटवर गर्दी असते. तुमच्या गटाला यातली कोणती गोष्ट जास्त लागते ते तुम्हीच बघा.

विमा काढताना माउंटन बाइकिंग त्यात आहे का ते वाचा. पुष्कळ प्रवासविम्यांत ते साहसी खेळ म्हणून वगळलेलं असतं आणि वेगळा हप्ता भरल्यावर मिळतं. रुग्णवाहिकेसाठी 1990 हा क्रमांक. ‘सुवसेरिया’ ही मोफत सेवा 2016 मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली आणि आता देशभर आहे. ऊवात मोठं सरकारी रुग्णालय बदुल्लाला. मळ्यातून तिथे पोचायला वेळ लागतो, म्हणून गुडघ्याचे पॅड सगळ्यांनी घालायचे, गरम होतं म्हणून पिशवीत ठेवायचे नाहीत.

शेवटचा प्रश्न ई-बाइकचा. इथून नेणं शक्य नाही. 160 वॅट-अवरहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, ना हातात ना सामानात, आणि ई-एमटीबीची बॅटरी त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा जास्तच असते. तिथे भाड्याने मिळाली तर? ई-बाइक चढ सोपा करते, आणि तुमच्या मैत्रिणीची अडचण चढ नाही. चढावर तिला व्हॅनही नेऊन सोडेल. उतारावर मात्र तिच्या हातात वीस-पंचवीस किलोची सायकल येते. ती थांबायला जास्त अंतर घेते, पॅड लवकर खाते, आणि पडली तर अंगावर जड पडते. म्हणून तिला साधी, तिच्या मापाची, चांगल्या ब्रेकची हार्डटेल द्या. लिप्टन्स सीटला सकाळी ती व्हॅनने वर जाऊ दे, तुम्ही चढून या, आणि खाली सगळे मिळून तिच्या वेगाने उतरा. व्हॅन कारखान्यापर्यंत मागेच ठेवा, म्हणजे तिला वाटेल तिथे ती सायकल टाकून बसू शकेल. ड्रायव्हरला हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर तो तुम्हाला वर सोडून चहा प्यायला हापुतलेला परत जातो.